जुन्या वर्कस्टेशनचा पंखा एवढा का वाजतो आणि त्यावर काय करावं

सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये गेल्या काही वर्षांत जुनी वर्कस्टेशन, म्हणजे जड कामांसाठी बनवलेले दणकट कॉम्प्युटर, बरीच दिसायला लागली आहेत. मोठ्या शहरांतल्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून जी मशीन बदलतात, ती रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त होऊन आपल्याकडे येतात. एचपीची झेड४२० नाहीतर झेड६२०, डेलची प्रिसिजन टी३६००, लेनोवोची थिंकस्टेशन. एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये त्यांच्यावर सीएनसीचे, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या यंत्रांचे प्रोग्राम बनतात, विश्रामबागेतल्या आर्किटेक्टच्या ऑफिसात ऑटोकॅड चालतं, लग्नसराईत स्टुडिओवाले त्यांच्यावर रात्र-रात्र व्हिडिओ एडिट करतात. नव्या मशीनच्या मानानं फार थोड्या पैशांत झिऑन प्रोसेसर, स्वतःच्या चुका पकडणारी ईसीसी रॅम आणि दणकट मदरबोर्ड मिळतो. भंगारात गेली असती अशी मशीन इथं पुन्हा कामाला लागतात, हे मला मनापासून आवडतं.

घेतल्यावर वर्षभरात बहुतेकांची तक्रार मात्र एकच असते: पंखा फार वाजतो. गावभागातल्या एका स्टुडिओवाल्यांचा फोन आला होता. "सर, एक्स्पोर्टला लावलं की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येईना झालंय बघा. पंखाच बदलून टाकूया की." पंखा बदलायचा, हाच उपाय सगळ्यांच्या तोंडी असतो आणि बऱ्याचदा तो चुकीचा असतो. पंखा धडधाकट असतो. मशीनमध्ये उष्णता अडकलेली असते आणि ती बाहेर काढायला तो जिवाच्या आकांतानं फिरत असतो. त्याच्या जागी तसाच नवा पंखा बसवला तर तोही तेवढाच वाजेल. मुद्दाम हळू फिरणारा बसवला तर आवाज जाईल, पण मशीन आतून भाजेल. म्हणून आधी उष्णतेचा हिशोब समजून घेऊ. तो कळला की कुठे पैसे घालायचे आणि कुठे नुसता ब्रश फिरवून भागेल, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

उष्णता कुठे अडते

या मशीनमध्ये बऱ्याचदा सापडणारा झिऑन ई५-१६५० व्ही२ घ्या. इंटेलनं २०१३ मध्ये आणलेला हा सहा कोअरचा प्रोसेसर १३० वॅटचा म्हणून ओळखला जातो. म्हणजे भरपूर काम असताना त्याच्यापासून साधारण तेवढी उष्णता निघते आणि ती कुलरला, म्हणजे हीटसिंक आणि त्यावरचा पंखा या जोडीला, बाहेर टाकावी लागते. ही उष्णता चिपमधून वरच्या धातूच्या टोपीत येते, तिथून मधल्या उष्णता वाहणाऱ्या पेस्टमधून हीटसिंकच्या (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) तळाला, तळातून ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांत, पट्ट्यांवरून हवेत आणि हवेबरोबर कॅबिनेटच्या बाहेर. यातल्या शेवटच्या दोनच टप्प्यांवर पंख्याचा जोर चालतो. आधीच्या टप्प्यांवर काही अडलं तर पंखा कितीही फिरो, त्याचा उपयोग मर्यादितच.

गळीत हंगामात साखर कारखान्याचा वजनकाटा बंद पडला की ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत लागते. तिथं आणखी चार ट्रॅक्टर आणून रांग हलत नाही, काटाच चालू करावा लागतो. पेस्ट वाळली किंवा हीटसिंकच्या पट्ट्या बुजल्या की मशीनमध्ये नेमकं हेच होतं. अडचण एवढीच की काटा अडलाय हे मदरबोर्डाला कळत नाही. त्याला फक्त तापमान दिसतं आणि ते उतरवायला त्याच्या हातात मुख्यतः एकच गोष्ट असते, पंख्याचा वेग वाढवणं.

हा अडथळा आकड्यांत मोजता येतो. प्रत्येक वॅट उष्णतेमागे प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा किती अंशांनी जास्त तापतो, ते पाहायचं. समजा, स्वच्छ कुलरसाठी हा आकडा ०.३ अंश आहे. १३० वॅटला तापमान ३९ अंशांनी वाढेल. डिसेंबरात खोली १८ अंशांवर असते तेव्हा प्रोसेसर ५७ वर राहील. मे महिन्यात दुपारी खोलीच ३८ अंशांवर गेली की तोच प्रोसेसर ७७ वर. मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नाही, फक्त ऋतू बदलला. आता धुळीनं हा आकडा ०.३ वरून ०.४ झाला असं धरा. वाढ ५२ अंशांची झाली आणि मे महिन्यात प्रोसेसर थेट ९० वर पोचला. तिथं जाऊ द्यायचं नाही म्हणून बोर्ड पंखा जोरात पळवतं. उन्हाळ्यात अचानक आवाज वाढला असं लोक सांगतात तेव्हा धूळ बहुधा आदल्या पावसाळ्यापासून साठतच आलेली असते. थंडीनं ती फक्त झाकून ठेवलेली असते.

दुसरं गणित पंख्याचं, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त आशा यातच आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण त्यासाठी वीज आठपट लागते आणि आवाज साधारण १५ डेसिबलनं वाढतो. कानाला १० डेसिबलची वाढ जवळजवळ दुप्पट वाटते. म्हणजे दुप्पट हवेसाठी आपण जवळपास तिप्पट गोंगाट सहन करतो. हेच उलट्या बाजूनं वाचा. वेग नुसता पाचव्या हिश्श्यानं कमी झाला तरी ५ डेसिबल उतरतात आणि तो फरक कोणालाही सहज जाणवतो. उष्णतेच्या वाटेत थोडी सुधारणा केली तरी आवाजात मोठा फरक पडतो, त्यामागचं कारण हे.

उघडण्याआधी ऐका

वाजतंय म्हणजे नेमकं काय वाजतंय? हवेचा, बेअरिंगचा आणि थरथरीचा असे तीन आवाज वेगवेगळे असतात आणि तिन्हींवरचे उपायही वेगळे.

हवेचा आवाज सलग, सूं-सूं असा असतो. मशीनला काम दिलं की चढतो, काम संपलं की मिनिटभरात उतरतो. हा उष्णतेचा आवाज. त्यात कधीकधी एक बारीक सूरही मिसळलेला असतो: सात पात्यांचा पंखा मिनिटाला ३००० फेरे मारत असेल तर सेकंदाला ३५० वेळा पातं एका जागेवरून जातं आणि त्याच कंपनसंख्येचा सूर उमटतो. बेअरिंगचा आवाज खरखरीत, घासल्यासारखा असतो. थंड मशीन सकाळी चालू केल्यावर जास्त येतो, तापल्यावर कमी होतो, आणि कामाचा बोजा वाढण्या-उतरण्याशी त्याचा संबंध नसतो. तिसरी थरथर. ती कॅबिनेटच्या पत्र्यातून, सैल स्क्रूतून किंवा हार्ड डिस्कमधून येते. ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, तिची घरघर पत्र्यात उतरते आणि लोक उगाच पंख्याला दोष देतात. बाजूच्या झाकणावर तळहात दाबून धरा. आवाज बदलला तर ती थरथर आहे. डिस्कच्या स्क्रूंखाली रबरी वॉशर आणि मशीनखाली जाडसर रबरी मॅट एवढ्यावर काम भागतं.

नेमका कोणता पंखा वाजतोय हे शोधायला वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करावी, एक टोक कानाला लावावं आणि दुसरं एकेका पंख्याजवळ न्यावं. बाहेरूनच मागच्या जाळीवर, एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जाळीवर, पुढच्या बाजूला असं फिरवलं तरी फरक स्पष्ट कळतो. झाकण काढून ऐकायचं असेल तर सुरळीचं टोक पात्यांपासून चार बोटं लांब धरा. बोटानं पंखा थांबवून बघायची सवय मात्र सोडा.

त्यासोबत तापमान बघा. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो, लिनक्सवर सेन्सर्स ही कमांड. सेन्सर्स फुकट, एचडब्ल्यूइन्फो घरगुती वापराला फुकट. नुसतं मशीन चालू असताना आणि दहा मिनिटं रेंडर (व्हिडिओ किंवा चित्र तयार करण्याचं जड काम) लावल्यावर, असं दोनदा तापमान लिहून ठेवा. साफसफाईनंतर पुन्हा हेच करा, खोलीचं तापमान साधारण तेच असताना. हा कागद नसेल तर आपण केलेल्या कामाचा उपयोग झाला की नाही हे फक्त अंदाजानं सांगावं लागतं. माझा ढोबळ हिशोब असा: भरपूर काम चालू असताना ७५ पर्यंत निर्धास्त राहावं, सतत ८५ च्या वर दिसत असेल तर आठवड्याभरात मशीन उघडावं.

मशीन सुरू होताना दोन-चार सेकंद पंखे जोरात फिरून शांत होत असतील तर त्यात बिघाड काही नाही. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, ताबा घेईपर्यंत ते पूर्ण वेगानं फिरतात.

धूळ

त्या गावभागातल्या स्टुडिओतलं मशीन उघडलं तेव्हा पंखा वरून अगदी स्वच्छ होता. पात्यांवर थोडी राखाडी पूड, एवढंच. अशा वेळी लोक वरवर ब्लोअर मारतात आणि झाकण लावतात. धूळ पंख्यावर बसत नाही, पंख्याच्या पलीकडे बसते. चार स्क्रू काढून पंखा बाजूला घेतला आणि हीटसिंकच्या तोंडाशी धुळीचा एक सलग थर दिसला. नखानं कोपरा उचलला तर तो तसाच्या तसा निघून आला, रुपयाच्या नाण्याएवढा जाड. पलीकडे उजेड धरून पाहिला तर पट्ट्यांच्या निम्म्याहून जास्त फटी बंद. पंखा हवा ढकलत होता, पण जायला वाटच नव्हती. तो थर गेल्यावर आणि पेस्ट बदलल्यावर त्याच एक्स्पोर्टला तो पंखा पुन्हा कधी तेवढा चढला नाही. त्यांनी पंखा विकत घेतलाच नाही.

आपल्याकडची धूळही साधी नसते. मार्केट यार्ड आणि वखारभागाच्या आसपास हवेत हळदीची पूड असते. हळदीत मुळातच तेलाचा अंश असल्यामुळे ती धातूला चिकटून बसते आणि नुसत्या हवेनं निघत नाही. हंगामात कारखान्याच्या धुराड्याची काजळी येते. नदीकाठच्या भागात पुराचा गाळ वाळला की त्याची अतिशय बारीक धूळ उडते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर ज्यांनी दुकानं धुतली त्यांना ती चांगली आठवत असेल. वर्कशॉपमध्ये कटिंग ऑइलचा बारीक फवारा आणि धातूचा कीस यांची भर. धातूचा कीस वीज वाहून नेतो, त्यामुळे सीएनसी यंत्राच्या शेजारी ठेवलेलं कॉम्प्युटर साफ करताना मदरबोर्डावर जास्त लक्ष द्यायला हवं.

साफ कसं करायचं? मशीन बंद, वायर भिंतीतून काढलेली, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलीसुरली वीज उतरवलेली. कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा हात लावा, म्हणजे अंगावरचा स्थिर भार निघून जाईल. उघड्यावर, गच्चीत किंवा अंगणात न्या. रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश आणि हातातला इलेक्ट्रिक ब्लोअर पुरतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं. मोकळं सोडलं तर हवेच्या झोतानं ते नेमून दिलेल्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतं आणि बेअरिंगला मार बसतो. शिवाय जोडलेला पंखा असा फिरला की तो जनित्राचं काम करून बोर्डाकडे उलटी वीज पाठवतो. चिकट हळदीच्या थराला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला ब्रश. हीटसिंक पूर्ण सुटा केला असेल तर साबणाच्या पाण्यानं धुऊन दिवसभर उन्हात वाळवला तरी चालतो, फक्त त्यावर पंखा लावलेला नसावा.

पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरनं हवा मारून आणणं फार चालतं. ते करू नका. त्या हवेत पाण्याचे आणि तेलाचे थेंब असतात आणि दाब एवढा असतो की हीटसिंकच्या पट्ट्या वाकतात, छोटे भाग उखडू शकतात. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही बोर्डापासून लांब ठेवा, त्याच्या प्लास्टिकच्या तोंडावर स्थिर विजेचा भार तयार होतो आणि कोरड्या हवेत तो जास्त साठतो.

साफ करून बसवताना पंख्याची दिशा बघा. ज्या बाजूला स्टिकर आणि आडव्या काड्या असतात त्या बाजूनं हवा बाहेर पडते. कितीतरी पंख्यांच्या चौकटीवर बाण कोरलेला असतो. दुसऱ्याकडून सर्व्हिसिंग करून आलेल्या मशीनमध्ये मागचा पंखा उलटा बसवलेला मी पाहिलाय. मग पुढचा हवा आत घेतो, मागचाही आत घेतो आणि उष्णता मधेच घुटमळते.

या मशीनमध्ये रॅमवर किंवा प्रोसेसरवर प्लास्टिकचा एक डक्ट, म्हणजे हवेला वाट देणारं आवरण, असतो. काही जण तो अडगळ समजून काढून ठेवतात. त्याच्यामुळेच पुढून आलेली थंड हवा रॅमपर्यंत पोचते. उन्हाळ्यात बाजूचं झाकण उघडं टाकून टेबलफॅन लावणं हाही तसाच प्रकार. प्रोसेसर थोडा गार दिसतो, पण ठरवून दिलेली हवेची वाट मोडते, रॅम आणि बोर्डावरचे वीज देणारे भाग हवेविना राहतात, आणि धूळ दुप्पट येते. झाकण लावलेलंच बरं.

पेस्ट

टोपी आणि हीटसिंक दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण जवळून पाहिलं तर त्यांच्यात खाचखळगे असतात आणि त्यात हवा अडकते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, चांगल्या पेस्टची ५ ते ८ आणि हवेची फक्त ०.०२६. म्हणजे पेस्ट काही उत्तम वाहक नाही. ती फक्त हवेला तिथून हुसकावते. म्हणूनच ती पातळ हवी. जाड थर लावला तर पेस्टच अडथळा होते.

२०१२-१३ च्या मशीनमधली मूळची पेस्ट आता वाळून खडूसारखी झालेली असते. ती बदलल्यावर काही मशीनमध्ये भरपूर फरक पडतो, काहींत दोन-चार अंशच. हीटसिंक काढताना आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग बंद करून, हीटसिंक सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. जुनी पेस्ट अल्कोहोल आणि न विणलेल्या कापडानं, नाहीतर कॉफी फिल्टरच्या कागदानं पुसायची. झिऑनची टोपी मोठी असते, म्हणून मध्ये वाटाण्याएवढा थेंब आणि हवं तर चार कोपऱ्यांना चार बारीक ठिपके. स्क्रू एका बाजूचे पूर्ण आवळू नका. समोरासमोरचे दोन-दोन फेरे देत जा. ग्राफिक कार्डाचीही पेस्ट वाळते. जुन्या क्वाड्रो कार्डांवरचा छोटा ब्लोअर या मशीनमधला सगळ्यात कर्कश भाग असतो आणि बहुतेक जण त्याच्याकडे बघतच नाहीत.

सेटिंग

स्वच्छ करूनही काही काम नसताना पंखा जोरात असेल, तर टास्क मॅनेजर उघडून मागे काय चालू आहे ते आधी बघा. मग पॉवर प्लॅन. विंडोजमध्ये हाय परफॉर्मन्स निवडलेलं असेल तर प्रोसेसरची किमान पातळी १०० टक्क्यांवर बांधलेली असते, म्हणजे नुसता ईमेल वाचतानाही तो दम घेत नाही. ती ५ टक्क्यांवर आणा. कामाच्या वेळचा वेग तसाच राहतो.

कमाल पातळी १०० वरून ९९ केली तर या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे जड कामाला वेग आपोआप वाढवण्याची सोय, बंद होतो. ई५-१६५० व्ही२ चा वेग मग ३.९ गिगाहर्ट्झपर्यंत न चढता ३.५ वर राहतो. वेगात फार तर दहा टक्क्यांच्या आसपास घट, पण टर्बोत व्होल्टेजही वाढलेलं असतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे उष्णता त्याहून बरीच जास्त उतरते. मे महिन्यात रात्रीच्या रेंडरला मी हे बिनधास्त सुचवतो. दोन तासांचं काम थोडं लांबलं तरी शेजारच्या खोलीतली माणसं झोपू शकतात.

बायोसमध्येही एकदा डोकवा. एचपीला एफ१०, डेलला एफ२, थिंकस्टेशनला एफ१. एचपीच्या झेड मालिकेत पॉवरच्या खाली थर्मलमध्ये पंख्याचा किमान वेग ठरवणारी पट्टी असते. मूळ कंपनीत कोणीतरी ती वर चढवलेली असते आणि मशीन तशीच विकली जाते. ती अगदी खाली आणा. मशीन तापलं तर वेग आपोआप वाढतोच, ही पट्टी फक्त तळ ठरवते. बायोसची जुनी आवृत्तीही कधीकधी पंखे उगाच पळवते, पण वीज जाण्याची भीती असताना बायोस अपडेट करू नये, यूपीएस हवाच.

आणि एक विचित्र लक्षण: मशीन गार आहे, काम काही नाही, तरी पंखे पहिल्या मिनिटापासून पूर्ण जोरात आणि तसेच राहतात. इथं तापमान सांगणारा सेन्सर सुटलेला असतो किंवा पंख्याची एखादी तार तुटलेली असते. निरोप मिळाला नाही की बोर्ड सगळ्यात वाईट परिस्थिती धरून चालतं. पंख्याला चार तारा असतात: एक ग्राउंड, एक १२ व्होल्ट, एक फेऱ्यांची मोजणी कळवणारी आणि चौथी वेगाचा हुकूम आणणारी. चौथ्या तारेवर सेकंदाला २५,००० वेळा वीज चालू-बंद होते. चालू राहण्याचं प्रमाण जितकं जास्त, तितका वेग जास्त. ही तार तुटली तर पंखा ठरल्याप्रमाणे पूर्ण वेगानं फिरतो. म्हणून आधी पिना नीट बसल्यात का बघा.

पंखा खरंच बदलायचा असेल तेव्हा

आवाज खरखरीत असेल तर बेअरिंग संपलंय आणि पंखा बदलावा लागणार. स्वस्त पंख्यांत तेल मुरवलेलं ब्राँझचं बुश असतं. तेल आटलं की ते वाजायला लागतं. स्टिकर उचलून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला तर काही आठवडे, कधी काही महिने शांतता मिळते. लग्नाचा व्हिडिओ उद्या द्यायचाय आणि पंखा कुरियरनं यायचाय, अशा वेळी हा उपाय जरूर करा. खोबरेल तेल मात्र नको. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, थंडीतल्या सकाळी बुशमध्ये घट्ट होऊन बसेल आणि पुढे चिकट होईल. डब्ल्यूडी-४० सुद्धा नको, ते उरलंसुरलं तेल विरघळवून उडून जातं.

नवा पंखा घेताना जुन्याचं स्टिकर वाचा. त्यावर १२ व्होल्ट आणि पुढे ०.४, ०.७ असा अँपिअरचा आकडा असतो. हा आकडा मोठा असेल तर तो जोरदार हवा मारणारा पंखा आहे आणि त्याच्या जागी ०.१ अँपिअरचा शांत पंखा बसवणं म्हणजे हवा बरीच कमी करणं. मागचा कॅबिनेटचा पंखा असेल तर खपून जाईल. दाट पट्ट्यांच्या हीटसिंकवरचा असेल तर नाही. आकार जुळत असेल आणि जागा असेल तर मोठा पंखा नेहमी चांगला: ९२ मिलिमीटरच्या जागी १२० मिलिमीटरचा बसला तर तेवढीच हवा कमी फेऱ्यांत मिळते.

डेल आणि एचपीच्या बऱ्याच वर्कस्टेशनमध्ये बाजारातला साधा चार पिनांचा पंखा सरळ बसत नाही. पिना पाच किंवा सहा असतात, किंवा त्यांचा क्रम वेगळा असतो. चुकीच्या क्रमानं जोडला तर पंखा किंवा बोर्ड जळू शकतो. शिवाय बोर्ड फेऱ्या मोजत असतं. मूळचा ३००० ला फिरणारा आणि नवा १२०० ला, तर त्याला वाटतं पंखा बंद पडलाय आणि सुरू होतानाच चूक दाखवून थांबतं. म्हणून त्याच मॉडेलचा पंखा भाग-क्रमांक पाहून मागवणं किंवा त्या मॉडेलसाठीच बनवलेला जोड घेणं, हे दोनच रस्ते मला पटतात. तारा कापून अंदाजानं जोडणं अजिबात नको.

एसएमपीएसचा पंखा वाजत असेल तर स्वतः उघडू नका, हे मी पोटतिडकीनं सांगतोय. आपली २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर सरळ होऊन ३२५ व्होल्टच्या आसपास कपॅसिटरमध्ये साठते आणि वायर काढल्यावरही काही काळ तिथंच राहते. बाहेरून जाळीतून ब्लोअर मारा. तेवढ्यानं भागलं नाही तर एसएमपीएस दुरुस्तीवाल्याकडे द्या किंवा त्याच मॉडेलचा दुसरा घ्या. या वर्कस्टेशनचे एसएमपीएस बहुधा वेगळ्या आकाराचे असतात, साधा बाजारातला त्यात बसत नाही.

जागा

मशीन भिंतीला चिकटवून ठेवलं की मागून बाहेर पडलेली गरम हवा वळून पुन्हा पुढे येते. मागे किमान वीतभर मोकळी जागा हवी. टेबलाच्या खालच्या बंद कप्प्यात तर ठेवूच नका. फरशीवर ठेवलं तर झाडूची सगळी धूळ आत जाते, म्हणून चार विटांच्या नाहीतर लाकडी पाटाच्या उंचीवर घ्या. पुढच्या जाळीवर पातळ फिल्टर लावला तर धूळ कमी होते, पण तो दर महिन्याला धुवावा लागतो. धुणार नसाल तर लावू नका, बुजलेला फिल्टर हवाच अडवतो. हळदीच्या किंवा वर्कशॉपच्या हवेत वर्षातून दोनदा साफसफाई: एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा मार्चमध्ये, ऊन तापायच्या आत.

दोन प्रोसेसरची मशीन, म्हणजे झेड६२० किंवा झेड८०० सारखी, हे सगळं केल्यावरही निःशब्द होत नाहीत. दोन प्रोसेसर मिळून बऱ्याचदा २०० वॅटच्या वर जातात आणि एवढी उष्णता छोट्या पंख्यांनी काढायची म्हणजे थोडा आवाज होणारच. अशा मशीनच्या मागे आणखी पंखे आणि पैसे लावण्यापेक्षा तिला लांब ठेवावं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल उतरतो, खोलीत भिंतींमुळे त्याहून कमी, पण मधे भिंत आली तर कितीतरी जास्त. मॉनिटरची लांब केबल सहज मिळते. कीबोर्ड-माउसची यूएसबी केबल ५ मीटरच्या आत ठेवा, त्यापुढे मधे रिपीटर लागतो. फक्त ज्या खोलीत मशीन ठेवाल तिथली एक खिडकी उघडी राहू द्या. पूर्ण कामात असलेलं असं मशीन चार-पाचशे वॅटच्या हीटरइतकी उष्णता त्या खोलीत सोडतं, आणि खोली बंद राहिली तर तासाभरात पंखे पुन्हा चढतील.